पोर्शनबाहेरचा खांब

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे संशय घेण्याचाच पगार खाते. आमच्या कामात एक गोष्ट लवकर कळते. अधूनमधून काही चुकत असेल तर ठीक, पण सगळंच पहिल्या झटक्यात बरोबर यायला लागलं की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. आईबाबा पुण्याहून माझ्याकडे लंडनजवळ क्रॉयडनला आले, तेव्हा मला नेमकं हेच वाटायला लागलं.

बाबांबद्दल संशयाला कारण आधीपासूनच होतं. बाबा फोनवर तीच गोष्ट पुन्हा सांगायचे आणि आई घाईघाईने फोन आपल्याकडे घ्यायची. पुण्यात ते दोघंच राहतात. बाबांचं विसरणं साध्या म्हातारपणाच्या पुढे गेलं असेल, तर त्यांना परत तसं राहू द्यायचं नाही, घर बंद करून तिकडेच एखाद्या केअर होममध्ये दोघांची सोय करायची, असं मी मनाशी धरलं होतं. एका केअर होमचे फोटोही फोनमध्ये ठेवले होते. आईला मी एवढंच म्हणाले होते, "तुम्ही इथे या, मग बघू काय करायचं ते."

डॉक्टरचं नाव काढलं की बाबा भडकतात. म्हणून मी त्यांना खांबांवरून तपासायचं ठरवलं. बाबा आर्किटेक्चरच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. ग्रीक आणि रोमन खांबांचे प्रकार मी बाराखडीबरोबरच ऐकले असतील. साधं डोकं तो डोरिक, डोक्याला दोन बाजूंनी गुंडाळ्या तो आयोनिक, पानांचा गुच्छ तो कोरिंथियन. जे माणसाला सगळ्यात पक्कं येतं तेच निसटायला लागलं असेल तर प्रश्नच मिटला, असा माझा हिशोब. इंग्लंडात खांबांना तोटा नाही. लायब्ररीला आहेत, चर्चला आहेत, आमच्या रस्त्यावरच्या दोन घरांच्या दारांनाही आहेत.

रोज फिरायला जाताना मी सहज विचारल्यासारखं विचारायची.

"बाबा, हा कुठला हो?"

बाबा जरा थांबायचे, वर बघायचे आणि म्हणायचे, "डोरिक." बरोबर. चर्चपाशी, "आयोनिक." बरोबर. लायब्ररीपाशी, "कोरिंथियन." तेही बरोबर. आई त्यांचा हात धरून शेजारी उभी असायची आणि उत्तर आलं की माझ्याकडे अशी बघायची, जणू तिचाच नंबर आलाय.

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण माझे बाबा एका शब्दात उत्तर देणाऱ्यांतले नव्हेतच. डोरिक म्हणाले की पाठोपाठ ऐकावंच लागायचं की ग्रीकांचा डोरिक थेट जमिनीवर उभा राहतो, खाली बैठक नाही, पण रोमन लोकांना अनवाणी खांब बघवेना, म्हणून त्यांनी त्याला चपला घातल्या. हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता की आम्ही कान झाकायचो. आणि आता नुसतं "डोरिक"? पुढे काहीच नाही? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

मग मी आमच्या धंद्यातली नेहमीची युक्ती काढली. सोपे प्रश्न पास होत असतील तर अडचणीचा प्रश्न टाकायचा. ट्रामच्या स्टॉपजवळ एक जुनी बँक आहे, आता तिचा पब झालाय. तिचे खांब कंपोझिट आहेत. ग्रीकांच्या तीन प्रकारांत रोमन लोकांनी दोन वाढवले, त्यांतला हा एक, त्यात गुंडाळ्याही असतात आणि पानंही. बाबांचा सगळ्यात नावडता. "धड हा नाही, धड तो नाही," म्हणून ते त्याला झोडपायचे. हा ते ओळखणार नाहीत असं होणंच शक्य नव्हतं.

दुपारी आम्ही तिघं तिथे गेलो. "बाबा, आणि हा?"

या वेळी मी खांबाकडे बघत नव्हते. त्या दोघांकडे बघत होते. बाबाही खांबाकडे बघत नव्हते. ते आपल्या हाताकडे बघत होते. आईने वर पाहिलं, मग त्यांच्या तळहातावर बोटाने एक वाटोळं काढलं.

"आयोनिक," बाबा म्हणाले.

आईने पुन्हा वर पाहिलं. घाबरून तिने पाची बोटं पसरून त्यांच्या तळहातावर टेकवली.

"कोरिंथियन," बाबा म्हणाले, आणि गोंधळून तिच्या तोंडाकडे बघायला लागले.

"अगं, हा आमच्या पोर्शनमध्येच नव्हता!" आई माझ्यावर ओरडली. मग तिला कळलं आपण काय बोललो ते, आणि ती तिथल्याच बाकावर बसली.

बाबा पुढे होऊन ट्राम बघत उभे राहिले. मी आईशेजारी बसले.

"फसवत होतीस मला? रोज?"

"मी नाही, आम्ही दोघं. कल्पना ह्यांचीच. तुझी तिकिटं आली त्या दिवशी म्हणाले, ती मला दुसरं काही विचारणार नाही, खांबच विचारेल, आणि आयत्या वेळी मला नाव सुचायचं नाही. मग दुपारी जेवणं झाली की चित्रं काढून मला शिकवायला बसायचे. मुठीला डोरिक, वाटोळ्याला आयोनिक, पसरलेल्या बोटांना कोरिंथियन."

"मला सरळ सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

फोन माझ्या पर्समध्ये होता आणि ते फोटो फोनमध्ये. पण सवय जात नाही. राहून राहून एक गोष्ट जुळेना, म्हणून विचारलंच.

"एवढं सगळं शिकवलं, मग कंपोझिट कसा राहिला?"

आई बाबांच्या पाठीकडे बघत होती.

"मीच म्हटलं त्यांना, अहो, तुम्ही कॉलेजात पाच सांगायचात ना? पेन्सिल घेऊन कितीतरी वेळ नुसते बसले. मग म्हणाले, नाही, तीनच असतात. तेव्हा मला कळलं. आणि तेव्हाच ठरवलं, तुला कळू द्यायचं नाही."