तांदळांवर लिहिलेलं नाव

अख्ख्या मुंबईत स्वतःचं नाव इतक्या मोठ्यानं सांगणारी बाई दुसरी नसेल, हे मी पैजेवर सांगते. माझी ही शाळेतली मैत्रीण अंधेरीच्या एका इस्पितळात सिस्टर आहे. आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या वहीत लोक कसाबसा फराटा मारून आत येतात. ही दोन ओळी अडवून टपोऱ्या अक्षरांत 'धोंडाबाई' लिहिते. वॉचमननं इंटरकॉमवर नुसतं 'मॅडम आल्यात' म्हटलं, तर त्याच्याकडून पूर्ण नाव वदवून घेते आणि मगच लिफ्टकडे वळते. पेशंटनाही सुटका नाही. एका आजोबांची भूल उतरल्यावर डॉक्टरांनी त्यांना नाव विचारलं, तर त्यांनी आधी हिचंच सांगितलं म्हणे. ही गोष्ट तिनं मला निदान दहादा ऐकवली आहे.

मुलुंडच्या आमच्या शाळेत मात्र या नावानं तिचा जीव नकोसा केला होता. वर्गात पूजा, स्वाती, प्राजक्ता आणि मधेच ही. हजेरीत तिचं नाव आलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. गणिताचे सर कुणाला 'पायावर धोंडा पाडून घेतलास' म्हणाले, की सगळ्या माना तिच्याकडे वळायच्या. रोज कुणीतरी तिच्या बाकावर दगड ठेवायचं. लपवून काय उपयोग, त्यातले निम्मे मी ठेवलेले. ती रडायची नाही की भांडायची नाही, दगड दप्तरात टाकून घरी न्यायची. एकदा तिच्या चाळीत गेले, तर दारातल्या तुळशीच्या कुंडीभोवती आमच्या दगडांचं छान रिंगण केलेलं. दगड कुठून येतात हे तिच्या आईच्या गावीही नव्हतं. त्याच दिवशी आईनं मला सांगितलं, की हिच्याआधी दोन बाळं गेली. तिसऱ्या खेपेला कुणीतरी म्हणालं, दगडधोंड्याचं नाव ठेवा, काळाची नजर पडणार नाही. ठेवलं, आणि पोर वाचली. पुढ्यातले पोहे तसेच टाकून मी घरी पळाले.

तिच्या लग्नात मी करवली होते. लग्न लागल्यावर नवरा ताटातल्या तांदळांवर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, तो कार्यक्रम आला. नाव 'मधुरा' ठरलं होतं आणि ते सुचवलं होतं तिच्याच आईनं. पोरीनं शाळेत काय सोसलं ते आईला फार उशिरा कळलं होतं, आणि तेव्हापासून ती स्वतःलाच दोष देत होती. नवऱ्यानं 'म' काढला मात्र, हिनं त्याचा हात धरला.

"थांबा. आईनं मला जगवायला हे नाव ठेवलंय. तेच लिहा."

नवरा माणूस सालस, पण 'धों'पर्यंत पोचताना त्याला घाम फुटला आणि मूठभर तांदूळ चौरंगाखाली सांडले. आई खांबाआड उभी राहून एकाच वेळी हसत आणि रडत होती. ही माझी मैत्रीण आहे, असं मी त्या दिवशी नवऱ्याकडच्या प्रत्येकाला जाऊन सांगितलं.

तिची आई गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून हिला नवंच वेड लागलंय. पेल्यावर नाव लिहून देतात त्या कॉफीच्या दुकानात ती मला ओढून नेते. स्वतः पक्की चहाबाज, त्यामुळे ती कडू कॉफी मलाच संपवावी लागते. शेवटी वैतागून मी विचारलं, कशाला हा उपद्व्याप?

"नवरा 'अगं' म्हणतो, पोरं 'मम्मी'," ती म्हणाली. "नावानं हाक मारणारी एकच होती ना गं."

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं तिचं नाव पुकारलं. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. ती ताठ उभी राहिली आणि हजेरीला करायचो तसा हात वर केला.

आता मी तिला फोन केला की 'हॅलो' म्हणत नाही, तिचं नाव घेते, पूर्ण. पलीकडून 'हजर' यायला जरा वेळ लागतो.