अण्णांचा चुंबक

चुंबक टक्कन पिनेला चिकटला आणि माझ्या टेबलासमोर बसलेल्या शंकरअण्णांचा चेहरा उतरला.

अण्णांचं चिकपेटेत स्टीलच्या सळ्यांचं दुकान. आयुष्यभर गिऱ्हाइकासमोर चुंबक लावूनच त्यांनी ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील विकलं. चिकटला तर नकली, घसरला तर अस्सल. आज त्यांच्याच सळीपासून बनवलेल्या पिनेला तो चिकटला होता. होसकोटेच्या एका ज्यूस कारखान्यात ही पिन फिरता फिरता बुशमध्ये, म्हणजे तिच्याभोवतीच्या नळीत, गच्च अडकली होती. धातू तपासणं हे माझं काम, म्हणून ती माझ्या लॅबमध्ये आली.

"मॅडम, मटेरियल बोगस एवढं लिहून द्या," कारखान्याचे मेंटेनन्स मॅनेजर पाटील म्हणाले. "यांचा माल आम्ही बंद करतोय."

"खोटा माल विकला असेन तर मीच दुकानाचं शटर ओढतो, अक्का," अण्णा म्हणाले. "चुंबक कशाला खोटं बोलेल?"

मला पाटलांपेक्षा अण्णांचाच राग आला. स्वतःवर इतक्या लवकर संशय घ्यायचा?

मी पिनेचा तुकडा कापला, पॉलिश केला, ॲसिडमध्ये बुडवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. इथे बसलं की मला खाली बसवनगुडीच्या रस्त्यावर हॉर्न वाजवणाऱ्या ऑटोंचा विसर पडतो. पिनेच्या गाभ्यात धातूचे कण ऐसपैस पसरले होते, मधून बांधांसारख्या बारीक रेषा. सगळं कसं निवांत. मी तिथे उगाचच रेंगाळले. मग हळूहळू काठाकडे सरकले. कण लांबट झाले, वाकले, चुरले. अगदी कडेला तर झोपेत विस्कटलेल्या चादरीसारखं सगळं गोळा झालेलं.

"पाटील, पिनेला तेल घालत होतात?"

"ज्यूसची लाइन आहे मॅडम. तेल कसं घालणार?"

"आणि बुश कशाचा?"

"यांच्याच सळीचा."

तिथेच गोम होती. एकाच स्टीलचे दोन भाग कोरडे घासले की ते जागोजागी एकमेकांना चिकटतात आणि ओरबाडून सुटतात. याला आम्ही ॲडहेसिव्ह वेअर म्हणतो. त्या रगडण्याने ३०४ची आतली रचनाच बदलते. काठाशी मार्टेन्साइट नावाचं नवं रूप तयार होतं आणि चुंबक त्यालाच चिकटतो. क्रोमियम, निकेलचं प्रमाणही मी तपासलं. चोख होतं.

मी चुंबक अण्णांच्या हातात दिला. "आता पिनेच्या न घासलेल्या टोकाला लावा."

लावला. घसरला. त्यांनी पुन्हा लावून पाहिला. पुन्हा घसरला. अण्णांचे डोळे भरून आले. "सरी, बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

पाटलांनी प्लास्टिकचा बुश बसवला. पिन मात्र अण्णांच्याच सळीची ठेवली.

अण्णा अजूनही गिऱ्हाइकासमोर चुंबक लावतात. फक्त कुणी जुना तुकडा घेऊन भांडायला आलं, की आधी विचारतात, "हा कुठे घासला होता?"