चेहरे नसलेला वर्ग

नागोराव सर गेल्याचं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी लांजीच्या बसमध्ये होते. “सकायीच गेले बेटा. झोपेतच...” 

सर आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी कॉम्प्युटर. टाळेबंदी लागली आणि सगळ्या प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं. बाकीचे कुरकुरत का होईना, शिकले. सरांना मात्र फोनवरून कितीही समजावलं तरी ते नुसतं ‘हो, हो’ म्हणायचे आणि भलतंच काही करून ठेवायचे. शेवटी मी त्यांच्या घरी गेले. लॅपटॉप उघडून सांगू लागले, तर ते माझ्या मास्ककडेच बघत राहिले.

“बेटा, तोंडावरचं काढ ना जरा. मले ऐकू नाही येत.”

“कधीपासून सर?”

“बहुत वर्सं झाले. ओठ पाहूनच समजतो मी. पोरं काय विचारतात, तेही. नोको सांगू कोणाले.”

म्हणजे भरल्या वर्गात हा माणूस इतकी वर्षं चेहरे वाचून शिकवत होता, आणि आम्हाला पत्ताही नव्हता... मी दारापर्यंत मागे सरले, मास्क उतरवला आणि तिथूनच एकेक शब्द सावकाश उच्चारत सगळं समजावलं. ते शिकलेही.

पण पहिला वर्ग सुरू झाला तेव्हा मी त्यांच्या दारातच होते; पडद्यावर नुसती नावं. “कॅमेरा चालू करा रे, तोंडं दिसू द्या तुमचे,” सर म्हणाले. परसवाडा गावाकडच्या एका मुलीनं केला. तिनं काही विचारायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा अर्ध्या शब्दावर थिजला. नेटवर्क गेलं होतं. सर पडद्याकडे झुकले, आणखी झुकले. “काय म्हणून राह्यली ते?” मलाही कळलं नव्हतं.

पुढे मी दाराशी बसून मुलांचे प्रश्न कागदावर लिहून दाखवू लागले. बोललेलं पडद्यावर आपोआप उमटेल अशी सोयही करून पाहिली. मुलांच्या मराठीमिश्र हिंदीचं ती काहीच्या काही लिहायची. एक दिवस सरांनी वर्ग अर्ध्यातच थांबवला. “कोणाले शिकवून राह्यलो मी? समोर तं कोणीच नाही...”  कॉलेज उघडण्याआधीच त्यांनी नोकरी सोडली. पुन्हा वर्गात गेलेच नाहीत.

परवा काकूंना भेटायला गेले. सरांची खुर्ची खिडकीशी तशीच होती. चहात साखर चालेल का, हे मला विचारण्याआधी काकू स्वयंपाकघरातून आल्या, त्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, बोलायला तोंड उघडलं, आणि मग माझ्याकडे वळल्या.

“मागून बोलाची सवयच नाही राह्यली,” त्या म्हणाल्या.