चारचौघांत दिलेला शब्द

आमच्या मंडईमागच्या सरकारी शाळेच्या हेडमास्तरांनी मला फसवलं, आणि माझ्या भरवशावर राहिलेल्या आयांना माझ्याच तोंडून फसवलं.

भातकुलीकडची भाजी अमरावतीला आणून विकत मी उभी राहिले. मग दोन खोल्या भाड्यानं घेऊन पाळणाघर काढलं. दिवसभर ठेल्यावर उभ्या राहणाऱ्या बायांची लेकरं माझ्याकडे असत. शाळेत पहिलीला मुलं मिळेनात, वर्ग बंद पडायला आला, तेव्हा हेडमास्तर माझ्या दारात आले. म्हणाले, पाळणाघर आमच्या रिकाम्या खोलीत आणा. सकाळी आमच्या बाई गाणी, रंग, आकार शिकवतील, दुपारी तुम्ही सांभाळा. वयात आली की मुलं आमच्याच पहिलीत.

गोष्ट चांगली होती, तरी मी घासाघीस केली, दोन अटी घातल्या. जेवल्यावर लेकरं झोपतील. आणि शाळा सकाळची, म्हणून पहिलीतलं लेकरूही आई येईपर्यंत माझ्याचजवळ राहील.

“ताई, तुमी तं वांग्याचा भाव करून राहिल्या.”

“मंग वांगेच घेऊन जा ना गुरुजी. लेकरं काहून मांगता?”

जमलेल्या आया खो खो हसल्या. गुरुजीही हसले आणि म्हणाले, “दिलं!”

मंडईत चारचौघांत ‘दिलं’ म्हटलं की सौदा पक्का. मग शब्द फिरवणाऱ्याच्या गाळ्यावर कोणी पाय ठेवत नाही. मी शाळेलाही तोच कायदा लावला. जुन्या खोल्या सोडून दिल्या.

कोथिंबीरवालीची एक मुलगी होती. कोणाशीच बोलायची नाही. त्या खोलीत ती आधी गाण्यांवर ओठ हलवू लागली, मग गुणगुणू लागली. एका दुपारी सगळी झोपलेली असताना ती उठून बसली आणि म्हणाली, “मावशी, तू बी झोप ना.” मी भिंतीकडे तोंड करून रडले.

जूनमध्ये ती पहिलीत गेली. पट भरला, वर्ग वाचला. लगेच माझ्या खोलीला कुलूप लागलं.

“आवारात खाजगी पाळणाघर चालत नाही, ताई. वरून आलं आहे.”

“अन् तुमी सगळ्यांसमोर कबूल केलं ते?”

“बोलण्या-बोलण्यात म्हटलं असंन.”

मी पूर्ण मंडईला ऐकू जाईल एवढी भांडले. कुलूप निघालं नाही. जुन्या खोल्यांत दुसरं बिऱ्हाड आलं होतं, पाळणाघर बंद पडलं.

दुपारी शाळेतून आणायला कोणी नाही, म्हणून कोथिंबीरवालीनं पोरीची शाळाच बंद केली. आता ती ठेल्याखाली पोत्यावर बसते, पुन्हा कोणाशीच बोलत नाही. परवा मी वाकून हाक मारली, तर तिनं मान फिरवली. आई कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तुमीच म्हटलं होतं ना ताई, पाठव म्हणून.”

आजवर मी कोणाचं ऐकून घेतलं नाही. तिचं मात्र ऐकून घेतलं.

गुरुजी, जबाब मी नाही देणार. तुम्ही या मंडईत, त्या पोत्यापाशी बसा, आणि पोरीच्या तोंडाकडे पाहून सांगा, तिचं बोलणं का बंद पडलं.