वर्निटा गॅस्किन्सच्या गाड्या घासत नसत

वर्निटा गॅस्किन्स आधी गिऱ्हाइकाचा अपमान करायची आणि मग गाडीला जॅक लावायची. आमच्या बेल ग्लेड गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लोक तिच्याकडेच जायचे, कारण तिने बसवलेलं चाक कधी घासलं नाही.

मी तिच्या शेडसमोर कॅटफिश तळून विकतो. माझ्या कढईपाशी उभं राहिलं की तिचं शेड सरळ दिसतं, आणि तिचं बोलणं तर न बघताही ऐकू येतं. मला ती आवडत नव्हती, तिला मी आवडत नव्हतो. माझ्या तेलाची वाफ तिच्या ओल्या रंगावर बसते, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी म्हणायचो, तिच्या तोंडाने माझं गिऱ्हाईक पळतं. दोघंही खोटं बोलत नव्हतो.

आमच्याकडे माणसाच्या हातात चार पैसे आले की तो जुनी कॅप्रीस नाहीतर इम्पाला गाडी घेतो, तिला आरशासारखा चकचकीत रंग देतो आणि मूळच्या पंधरा इंचांच्या जागी सव्वीस इंची चाकं चढवतो. गाडी घोड्यासारखी उंच होते, गल्लीतून निघाली की म्हाताऱ्यासुद्धा खुर्चीतून उठून बघतात. पण कारखान्याने चाकाला जागा ठेवलेली असते ती लहान चाकापुरती. मोठं चाक सरळ असेपर्यंत निमूट बसतं. वळवलं की टायर पुढच्या मडगार्डला घासतो, नाहीतर आत चासीला. मागे चार माणसं बसली की गाडी दबते आणि वरचा पत्रा टायर सोलायला लागतो.

"हे काय उचलून आणलंस?" वर्निटा विचारायची.

"मिस वर्निटा, वळताना जरा घासतंय."

"जरा? टायरची एक कड गेलीय, तारा बाहेर आल्यात, आणि तू म्हणतोस जरा! मागे पोरांना बसवून फिरतोस ना? बायकोने तुला अजून घराबाहेर कसं काढलं नाही?"

माणूस मान खाली घालायचा. मग ती टायरला खडू फासायची, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायची आणि खडू कुठे पुसला गेला ते बघायची. तिथला आतला पत्रा कापून, मागे सारून पुन्हा वेल्डिंग करायची. स्प्रिंगा बदलायची. टायर जास्त रुंद असेल तर काढून फेकायची आणि अरुंद आणायला पाठवायची. शेवटी चर्चमधले चार धिप्पाड स्वयंसेवक गाडीत कोंबून, स्टिअरिंग पार टोकाला वळवून, रेल्वेच्या रुळांवरून गाडी आदळत न्यायची. कुठे खर्र झालं की पुन्हा आत. या सगळ्याला दोन दोन आठवडे लागायचे, आणि गाडी कधी मिळेल असं विचारलेलं तिला चालायचं नाही.

ही कला तिला बापाकडून मिळाली होती. एझ्रा गॅस्किन्स साखर कारखान्यात वेल्डर होता. त्याने वर्निटा आणि धाकटी आर्डेलिया, दोघींना शिकवलं. आर्डेलियाने सोडून दिलं, वर्निटाने धरून ठेवलं. पण वर्निटाचं बापाशी कशावरून तरी बिनसलं आणि शेवटची काही वर्षं ती त्याच्या दारात गेली नाही. म्हातारा गेला तेव्हा त्याची हिरवी कॅप्रीस आर्डेलियाला मिळाली. त्या गाडीचा प्रत्येक बोल्ट वर्निटाने बापाबरोबर कधी ना कधी फिरवलेला होता. दफनाच्या दिवशी आर्डेलिया ती गाडी चालवत आली, तेव्हा वर्निटा तिच्याकडे न बघता टायरकडे बघत उभी होती.

आर्डेलियाचा नवरा लेनक्स पिंकनी. हसरा, अत्तर लावणारा, सगळ्यांना मिठी मारणारा माणूस. त्याने कालव्याच्या पुलापाशी मोठ्या काचा लावलेलं दुकान थाटलं आणि बाहेर पाटी लावली: मोठी चाकं, एका दिवसात, घासली तर पैसे परत. लोकांना आणखी काय हवं होतं? गोड बोलणं, थंड पेय आणि संध्याकाळी गाडी तयार. वर्निटाच्या शेडसमोरची रांग आटली.

"एका दिवसात तर हा माणूस धड दाढीही करू शकत नाही," ती रस्त्यापलीकडून मला ओरडून म्हणाली. माझ्याशी ती बोलली म्हणजे तिचं किती जळत असेल ते ओळखा.

"त्याच्या गाड्या घासत नाहीत ना पण," मी मुद्दाम म्हणालो. खरंच घासत नव्हत्या. डीकन पॉइटियरांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या वडीलधाऱ्यांनी, आपली लाल इम्पाला त्याच्याकडून करून घेतली होती आणि ते सगळ्यांना सांगत फिरत होते.

वर्निटाने हातातला पाना जमिनीवर आपटला आणि शेडचं दार ओढून घेतलं.

लेनक्सने सासऱ्याची हिरवी कॅप्रीससुद्धा सव्वीस इंचांवर चढवली. आर्डेलिया ती घेऊन मुद्दाम या रस्त्याने जायची. शेडसमोर आली की हळू व्हायची, काच खाली करायची. वर्निटाही आतून ग्राइंडर चालू करायची, हातात काम नसलं तरी.

तोडणीआधी उसाची शेतं पेटवायला सुरुवात झाली, त्या सुमाराला आर्डेलिया कालव्यात गेली. शेतातल्या अरुंद रस्त्यावर समोरून उसाचा ट्रेलर आला, म्हणून तिने गाडी झटक्यात बाजूच्या वाटेवर वळवली. वाट रुंद होती, साध्या गाडीने सहज घेतलं असतं ते वळण. पण गाडी पुरती वळलीच नाही आणि सरळ पाण्यात उतरली. ट्रेलरवाल्याने उडी मारून तिला मागच्या काचेतून ओढून काढलं. गळ्याखालचं हाड मोडलं, मनगट मोडलं. लेनक्स दवाखान्यात ढसाढसा रडला आणि सगळ्यांना म्हणाला, "घाबरली बिचारी. बायकांना अशा वेळी सुचत नाही." लोकांनी माना डोलावल्या.

पाण्यातून गाडी काढायला टोइंगची गाडी गावात एकच, वर्निटाची. तिने कॅप्रीस शेडमध्ये आणली. गाडीतून चिखल आणि पाणवेली गळत होत्या. ती दिवसभर गाडीखाली होती आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. हात न धुता ती दवाखान्यात गेली.

तिथे काय झालं ते मला पुढे आर्डेलियानेच सांगितलं. वर्निटा पलंगाशी उभी राहून म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने स्टिअरिंगला ठोकळे लावलेत. चाक पुरतं वळूच नये म्हणून. वळलं नाही की घासत नाही. तू घाबरली नव्हतीस. गाडी वळलीच नसती."

"बाहेर हो," आर्डेलिया म्हणाली.

"मी खाली झोपून बघितलंय."

"तू जन्मभर हेच बघत आलीस, माझ्याकडे काय वाईट आहे ते. डॅडींची गाडी मला मिळाली ते खुपतंय तुला. आता माझा नवरा खुपतोय. नर्सला बोलावू का?"

वर्निटा निघून आली. मला वाटलं, ही आता चौकात उभी राहून बोंब ठोकेल. पण ती गप्प बसली, शेड बंद करून घरी गेली. तिला गप्प बघून गावाला उलट बरंच वाटलं.

पुढे शाळेच्या वार्षिक मिरवणुकीचा दिवस आला. दर वर्षी शाळेपासून सजवलेल्या गाड्या निघतात, त्यांच्या मागे शाळेचा बँड, आणि सगळे कोपऱ्यावरून मेन स्ट्रीटला वळतात. त्या कोपऱ्यावर वर्निटाने आपली टोइंगची गाडी आडवी लावून ठेवली होती. कुणाला काही वाटलं नाही, कारण ती नेहमीच वाकडी लावायची. जागा उरली होती, थोडी अडचणीची, पण चांगल्या गाडीला पुरेशी.

पहिली गाडी डीकन पॉइटियरांची. पांढरा सूट, पांढरी हॅट. मागे त्यांची नात, त्या वर्षीची मिरवणुकीची राणी, मुकुट घालून हात हलवत होती. डीकननी स्टिअरिंग फिरवलं. गाडी अर्धी वळली आणि तोंड थेट टोइंगच्या गाडीवर. ब्रेक. मागे घेतली, पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. मागून लेनक्सकडून केलेली दुसरी गाडी आली, ती चिकटून उभी राहिली. तिच्या मागे तिसरी. बँडवाल्यांचे पाय एकमेकांत अडकले आणि ढोल थांबला.

वर्निटा टोइंगच्या गाडीच्या बॉनेटवर बसून उकडलेले शेंगदाणे खात होती.

"वळवा ना, डीकन," ती म्हणाली. "अख्खं गाव खोळंबलंय."

"तुमची गाडी काढा मिस वर्निटा! वळायला जागा कुठे आहे?"

"जागा आहे की." तिने टरफल थुंकलं आणि मागे बघून हाक मारली, "ए रॅव्हेनेल! तुझी निळी घे पुढे."

रॅव्हेनेलची निळी कॅप्रीस वर्निटाच्या हातची होती. चाकं तेवढीच, सव्वीस इंची. तो अडकलेल्या गाड्यांच्या बाजूने, फुटपाथच्या कडेने पुढे आला, एका दमात वळला आणि मेन स्ट्रीटवर जाऊन उभा राहिला. आवाज नाही, खर्र नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांनी ते पाहिलं. मी मासे कढईत तसेच सोडून पाहत होतो.

"आता खाली उतरा," वर्निटा डीकनना म्हणाली, "आणि पुढच्या चाकामागे बघा. सूट मळेल, पण बघा."

डीकन गुडघ्यांवर बसले, मग पोटावर झोपले. बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा छातीवर काळ्या मातीचा पट्टा होता.

"काय आहे ते लोखंड?"

"तुमचं न घासणारं चाक. घासण्याइतकं वळूच नये म्हणून ठोकळा डकवलाय. प्रत्येक गाडीला आहे. आर्डेलिया त्याच ठोकळ्यांपायी कालव्यात गेली."

लेनक्स गर्दीतून पळत आला. तोंडावर हसू तसंच चिकटलेलं.

"हिला मिरवणूक बिघडवायचीय! लोक माझ्याकडे काय मागत होते? घासू नये. बरोबर? मग घासतंय का कुणाचं? सांगा ना, घासतंय का?"

"माझी नात मागे बसलीय, लेनक्स," डीकन म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की लेनक्स दोन पावलं मागे सरला. मग कुणीतरी त्याच्या पाठीत बुक्की मारली, आणि कुणी मारली हे पोलिसाने पाहिलं नाही.

त्याच्या दुकानाची काच त्याच आठवड्यात फुटली. थोड्या दिवसांत तो फोर्ट पिअर्सला निघून गेला. आर्डेलिया त्याच्याबरोबर गेली नाही. आणि आता वर्निटा जिंकली, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग एका सकाळी आर्डेलिया तिच्या शेडसमोर येऊन उभी राहिली. हात अजून गळ्यात बांधलेला. शेडबाहेर लेनक्सने केलेल्या गाड्यांची रांग होती, ठोकळे कापून घ्यायला आलेल्या.

"आलीस का माफी मागायला?" वर्निटा म्हणाली.

"तुला माहीत होतं," आर्डेलिया म्हणाली. "मी दवाखान्यात होते तेव्हापासून."

"सांगायला आले होते. तू हाकललंस."

"मी हाकललं. डीकनने हाकललं होतं? या बाकीच्यांनी? यांच्या घरी का नाही गेलीस? ही माणसं तेवढे दिवस त्या गाड्या चालवत होती. कालव्याच्या कडेने. पोरं मागे बसवून. आणि तू मिरवणुकीची वाट बघत बसलीस."

वर्निटा हातातला पाना पुसू लागली.

"तुला कुणाला वाचवायचं नव्हतं," आर्डेलिया म्हणाली. "तुला बँड हवा होता."

रांगेतली माणसं ऐकत होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघं जण गाडीत बसून निघूनही गेले, पण जाणार कुठे? दुपारपर्यंत परत आले. वर्निटाने त्या सगळ्यांच्या गाड्या नीट करून दिल्या. पण अपमान कुणाचाच केला नाही, आणि ते तिच्या शिव्यांपेक्षा ऐकायला वाईट होतं. ती नुसती बोट दाखवायची, आत घ्या.

हिवाळाभर तिने बापाची हिरवी कॅप्रीस पुन्हा उभी केली. पत्रे ठोकले, इंजिन उघडलं, जुन्याच मापाची लहान चाकं बसवली. मग एक दिवस ती आर्डेलियाच्या दारात उभी करून, किल्ली टपालपेटीत टाकून पायी परत आली. आर्डेलियाने ती गाडी पुढच्याच आठवड्यात क्लूइस्टनच्या एका माणसाला विकून टाकली.

ही बातमी वर्निटाला मीच दिली. सांगताना मला मजा येईल असं वाटलं होतं.

तिने गाडीखालून डोकं बाहेर काढलं. "मोठी चाकं टाकणाराय का तो?"

"तसंच म्हणत होता."

"त्याला सांग, माझ्याकडे आण म्हणावं," ती म्हणाली आणि पुन्हा आत सरकली. तो माणूस आला नाही. दोघी बहिणी अजून याच गावात राहतात, रविवारी एकाच चर्चमध्ये जातात, आणि त्या दोघींच्या मधल्या बाकावर कुणी बसत नाही.