मधातला कूड

पुंजाजी मास्तरांसमोर 'आज ऊन फार आहे' असे नुसते म्हणून कोणाची सुटका होत नसे. ते चालता चालता थांबत, डोक्यावरचा रुमाल मागे सारत आणि विचारत, "कशासारखं?" मी त्या गावच्या शाळेत दुय्यम मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी दमणीतून उतरताच माझ्यावर हा प्रसंग आला. मंगरूळहून यायला बैलांनी अर्धा दिवस घेतला होता आणि माझे अंग आंबून गेले होते. मी म्हणालो, "रस्ता फार वाईट आहे."

"कशासारखा?"

माझी पेटी उतरवणारा गाडीवान तोंडातला विडा एका गालात सारून म्हणाला, "सासुरवाडीच्या जेवणासारखा, मास्तर. घासाघासाले खडा."

पुंजाजी मास्तरांनी कोटाच्या खिशातून एक लांबट वही काढली आणि ते वाक्य तिथेच उभ्याने लिहून घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा बावा, ट्रेनिंग तुमी घेतलं अन् पास हा झाला."

गाव शेलूबाजारच्या अलीकडे दोन कोसांवर. शाळा म्हणजे एक लांब खोली, तिच्यामागे गावाची विहीर. मास्तर याच भागातल्या शेतकऱ्याच्या घरचे. शिकून मास्तर झाले, पण बोलणे बदलले नाही. बायको लवकर गेली होती. नऊ वर्षांची मुलगी होती, कौतिका. तिला घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून ती शाळेत दाराजवळ बसे. मुलांच्या शाळेतली ती एकटीच मुलगी.

अलंकारांचा धडा आला की मास्तर आधी पुस्तकातले उदाहरण नीट वाचत, मग पुस्तक मिटत.

"हंस पाह्यला काय रे कोनं?"

कोणीच पाहिलेला नसे.

"मंग त्याच्यावानी चाल तुमाले कशी दिसन? आपल्या गावात ऐटीत कोन चालते, थे सांगा."

"पाटलाचा खोंड!" मागच्या रांगेतून आवाज आला.

"कसा चालते?"

"रस्ता त्याच्या बापाचा असल्यावानी!"

सारा वर्ग हसला आणि मास्तर सर्वांत मोठ्याने. त्यांच्या हसण्यात मुलांचे कौतुक असे, पण त्याखाली एक खुपणेही असे. ते म्हणत, "ज्याले सोताची उपमा नाही, त्याले सोताचं तोंड नाही. दुसऱ्याचं तोंड लावून किती रोज हासान?" एकदा त्यांनी 'आमी कोन' या नावाची कविता साऱ्या वर्गाकडून करून घेतली. प्रत्येकाने एक ओळ द्यायची. कोणी म्हणाले, आमी काळ्या वावरातल्या भेगा, पानी आलं की मिटतो. कोणी म्हणाले, आमी पऱ्हाटी, बोंड फुटल्याबिगर कोनाले दिसत नाही. कौतिकाची ओळ शेवटची होती : आमी चुलीतली ओली लाकडं, जळाच्या आंधी रडतो. मास्तरांनी ती वहीत उतरवली आणि बराच वेळ पान उलटले नाही.

त्या खुपण्याचे कारण मला पुढे कळले. शाळेच्या शेरेबुकात मागच्या तपासणीचा शेरा होता : 'मुलांची भाषा अशुद्ध व गावंढळ.' मास्तरांनी ते पान इतक्यांदा उघडले होते की पुस्तक आपोआप तिथेच उघडे. मला म्हणाले, "एक ओळ, बावा. साहेबानं आपल्या हातानं लिहावं का हे लोक बोलतात थे बी काव्य हाय. येवढी एक ओळ पाह्यली का मी सुटलो." त्यांना दुसरे काही नको होते. पगारवाढ नको, बदली नको.

उपमा आणि रूपक यांतला फरक मला शिकवला गेला होता तो व्याख्येने. मास्तर तो कुडाने शिकवत. तिकडे गरिबाच्या घरात दोन खोल्यांच्या मध्ये भिंत नसते, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड असतो. अलीकडचे पलीकडे ऐकू येते, थोडे दिसतेही, पण मध्ये काहीतरी असते. "उपमा म्हनजे मधातला कूड," मास्तर सांगत. "पोरगा वाघासारखा. म्हंजे पोरगा इकडं, वाघ तिकडं, अन् 'सारखा' हा मधात कूड. रूपकात कूड पडते." मग आवाज उतरवून म्हणत, "अन् थो कूड पडलेला पाह्याचा असन, तं मयताच्या घरी जा."

ते स्वतः जात. कोणाच्या घरी मृत्यू झाला की इतर पुरुषांबरोबर अंगणात बसत आणि आतल्या बायकांचे रडणे ऐकत. तिकडे बायका नुसत्या रडत नाहीत, हेल काढून रडतात. गेलेल्याला हाका मारतात, त्याच्या साऱ्या आयुष्याची ओळीमागून ओळ लावतात. आणि एक रीत आहे : हेल कानी पडला की ऐकणाऱ्या बाईने हातातले काम टाकून निघायचे. घर कोणाचे, वैर आहे की नाही, हे पाहायचे नाही. "त्या रडन्यात 'सारखा' कदी येत नाही," मास्तर म्हणत. "वाघासारख्या लेका, असं कोनती माय म्हनन? माह्या वाघा, म्हनते."

सारजाबाईचा वीस वर्षांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी औत हाकताना पान लागून, म्हणजे साप चावून, गेला होता. शाळेमागच्या विहिरीवर ती रोज पाण्याला येई. उंच, कमी बोलणारी बाई. तिने मुलासाठी केलेला विलाप मास्तरांच्या वहीत होता. त्या दिवशी कौतिकाला बरोबर घेऊन ते तिथे अंगणात बसले होते आणि घरी येऊन त्यांनी तो आठवून लिहिला होता. तिला हे ठाऊक नव्हते.

तपासणीची तारीख कळली तेव्हा मास्तरांनी ठरवले की साहेबांपुढे रूपक म्हणून हाच विलाप ठेवायचा. मला म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं हाय. साहेबाच्या हाती द्याले एक कागद करून द्या." मी एका दुपारीच तो कागद केला, फार काही करायचे आहे असे मला वाटलेच नाही. उतरवताना मी भाषा शुद्ध केली. पहिली ओळ वहीत अशी होती :

*माह्या औताच्या बैला, कोन्या वावरात गेला रे*

मी लिहिले : 'औताच्या बैलासारख्या माझ्या बाळा, तू कोणत्या शेतात गेलास?' आईने मुलाला बैल म्हणावे हे मला साहेबांपुढे बरे दिसेना. बाकीच्या सहा ओळीही मी अशाच नीट केल्या. मास्तरांनी कागद वाचला. इतकेच म्हणाले, "कागद तुमच्यावानी राहू द्या. म्हनून दाखवाले माही पोरगी हाय."

वर्गातला एकही मुलगा बायकांचे रडणे म्हणायला तयार होत नव्हता, म्हणून तपासणीच्या दिवशी त्यांनी कौतिकाला उभे केले. साहेब खुर्चीवर, हातात माझा कागद. कौतिकाने डोळे मिटले आणि ओळी नुसत्या म्हटल्या नाहीत. जशा ऐकल्या होत्या तशा, पूर्ण हेल काढून म्हटल्या. नऊ वर्षांच्या पोरीचा तो आवाज खोलीत मावेना. मास्तरांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

ती तिसऱ्या ओळीवर असेल, तेव्हा विहिरीवर घागर आपटल्याचा आवाज झाला. मग पावले. पाच-सात बायका डोक्यावरचे पदर ओढत शाळेच्या दारात आल्या. कोणाचे हात ओले, कोणाचे शेणाने भरलेले.

"कोन गेलं वो माय? कोनाचं पोरगं?"

कौतिका थांबली. मास्तर पुढे झाले. "कोनी नाही, कोनी नाही. शिकवनं चालू हाय."

"शिकवनं?" एक म्हातारी म्हणाली. "आमी रडाले निंगालो, मास्तर. रडाले निंगालेलं मानूस तसंच वापस जात नसते. आता कोनाले रडावं?"

बायकांच्या मागे सारजाबाई उभी होती. आपल्या मुलाच्या ओळी तिने ओळखल्या होत्या, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. ती मास्तरांकडे पाहत नव्हती, कौतिकाकडे पाहत होती. जवळ येऊन तिने पोरीच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. "नको म्हनू बाई," एवढेच म्हणाली आणि गेली.

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. "ही शाळा आहे की मसणवटा?" त्यांनी शेरेबुक ओढून घेतले. मास्तरांना हवी होती ती ओळ त्यांनी लिहिली नाही. जी लिहिली तिच्यात 'अभद्र' हा शब्द होता.

मास्तर त्या संध्याकाळी सारजाबाईच्या दाराशी जाऊन आले. तिने बसायला घोंगडी टाकली, पाणी दिले आणि त्या विषयावर एक शब्द काढला नाही. परत आल्यावर मला म्हणाले, "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं."

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास मानमोडीची साथ आली. ताप, खोकला, तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस संपे. पहिले काही दिवस बायका या घरून त्या घरी रडायला जात होत्या. मग त्यांचे घसे बसले, मग त्याच आजारी पडल्या. शाळा बंद झाली. गावात इतके मृत्यू होत होते आणि गाव गप्प होते. मी तापातून उठलो त्या दिवशी कौतिका अंथरुणाला लागली.

ती चौथ्या दिवशी दुपारी गेली. सांगायला कोणी गेले नव्हते, तरी सारजाबाई आली. तिने पोरीला आंघोळ घातली, हळद लावली, स्वतःच्या लुगड्याचा धड पदर फाडून तिला पांघरला. सारे मायेने केले. पण तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. मास्तर दाराला टेकून वाट पाहत होते. शेवटी म्हणाले, "सारजाबाई, माय नाही वो तिले. एक हेल काढा."

"तिचं रडनं झालं, मास्तर."

"कवा?"

"त्या रोजी. आमी साऱ्या आलो व्हतो ना."

ती मोठ्याने बोलली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादे काम होऊन गेले आहे असे सांगावे, तसे तिने सांगितले. राग असता तर मास्तर त्यातून कधी तरी उठले असते, असे मला अजून वाटते. साथीने कोणाला नेले आणि कोणाला नाही, यात कविता म्हणण्याचा संबंध नाही, हे मी त्यांना नंतर पुष्कळदा पुस्तकी भाषेत सांगितले. ते मान हलवत. त्यांना ते पटत होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

लहान मूल म्हणून तिला पुरले. खड्ड्यात माती लोटण्याआधी मास्तरांनी कोटाच्या खिशातून ती लांबट वही काढली आणि तिच्या उशाशी ठेवली. मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी धरला नाही.

शाळा पुन्हा उघडली. मास्तर अलंकारांचा धडा पुस्तकातून शिकवू लागले : मुख चंद्रासारखे, चाल हंसासारखी. मुले घोकत. मागच्या रांगेतल्या एकाने एकदा विचारले, "मास्तर, हंस कोनं पाह्यला?" मास्तर म्हणाले, "पुस्तकात हाय. लिहून घे." पुढच्या तपासणीत शेरा आला : 'भाषेत समाधानकारक सुधारणा.' तो त्यांनी मला दाखवला नाही. मीच शेरेबुक उघडून पाहिला.

माझी बदली झाली त्या दिवशी ते दमणीपर्यंत सोडायला आले. वैशाख होता. मनात एक आशा होती, म्हणून मी मुद्दाम म्हणालो, "मास्तर, आज ऊन फार आहे."

त्यांनी रुमाल मागे सारला. वर पाहिले. "हो," म्हणाले. "फार हाय."

परवा त्या गावच्या शाळेतून कार्ड आले. पुंजाजी मास्तर वारले. घरी कोणी नव्हते, शेजाऱ्यांनी सारे केले. सारजाबाई आधीच गेल्याचे मला ठाऊक होते. कार्ड हाती पडले तेव्हा दहावा होऊन गेला होता. त्यांच्यासाठी कोणी हेल काढला का, असे कार्डात विचारता येत नाही, आणि कोणी लिहीत नाही.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी टेबलावर ठेवलेला तो कागद माझ्या पेटीत आहे. दार लावून मी तो काढला. सात ओळी. पहिली मला मुळातली आठवते. बाकीच्या सहांत सारजाबाईने मुलाला काय काय म्हटले होते, ते आठवण्याचा मी फार प्रयत्न केला. मला फक्त माझे अक्षर दिसते; वळणदार, आणि ओळीओळीत 'सारख्या', 'सारख्या'. ज्यांना मूळ ठाऊक होते ते सर्व आता नाहीत. वही मातीत आहे.

मास्तरांसाठी निदान एक ओळ म्हणावी म्हणून मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि तोंड उघडले. रडणे आले नाही. वाचन आले.