विहीणबाईंची कॅप्सूल

गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला मी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला गेले, तर दवाखान्याच्या बाकावर माझ्या विहीणबाई बसलेल्या. लेकीच्या सासूबाई. मला बघून त्यांनी पदर सावरला आणि मी उगाचच चष्मा पुसायला घेतला.

"तुम्ही इकडे कशा?" त्यांनी विचारलं.

"सहजच," मी म्हणाले. रक्त घ्यायच्या खोलीबाहेर, उपाशी, सहजच!

"मी पण," त्या म्हणाल्या.

इतक्यात नर्सनं दोघींची नावं एकदमच पुकारली आणि सगळं उघडं पडलं. दोघींच्याही रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, बरीच वाढलेली होती आणि दोघींनाही डॉक्टरांनी त्यावरच्या एका अभ्यासात सामील व्हा म्हणून सुचवलं होतं. एकमेकींना न सांगता दोघींनी होकार दिला होता.

न सांगण्याचं कारण होतं. आमचं नातं तोवर ताटाभोवतीच फिरत होतं. मी नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे जळगावहून उज्जैनला आलेली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या माळव्यातलं, जुनं दरबारी. माझी मराठी त्यांना किताबी वाटायची, त्यांची मला अर्धी हिंदी. बोलायला फारसं काही सुचत नसे, म्हणून आम्ही एकमेकींना वाढत असू. त्या आल्या की मी बासुंदी करायची, मी गेले की त्या खव्याची, पाकात बुडवलेली मावाबाटी पुढे करायच्या. नको म्हणणं म्हणजे अपमान. तेव्हा दोघींच्या रक्तातली ती चरबी थोडीफार एकमेकींचीच देणगी होती.

डॉक्टर मुलगी तरुण होती. तिनं विहीणबाईंच्या रक्ताची नळी उजेडात धरून दाखवली. वरचा निथळलेला भाग आरपार दिसायला हवा, तो पाणी घातलेल्या दुधासारखा पांढुरका होता. मग तिनं समजावलं, की पथ्य सगळ्यांना सारखंच. पण काहींच्या कॅप्सूलमध्ये ओमेगा-थ्री तेल असेल, काहींच्या साधं तेल. कोणाला कुठली दिली, हे अभ्यास संपेपर्यंत तिलाही कळणार नव्हतं.

"मासळीचं तर नाही न?" विहीणबाईंनी विचारलं. "आमच्याकडे चालत नाही."

"नहीं माताजी, शेवाळाचं आहे."

"शेवाळ म्हणजे ती हिरवी काई? क्षिप्रेत असते ती?"

"समुद्रातली."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि सही केली.

मला वाटलं होतं, तूप बंद होईल. आधी बंद झाली साखर. मग मैदा, मग तळलेलं. आहार सांगणाऱ्या बाईंनी विहीणबाईंना उपवासाचं विचारलं. त्यांनी अभिमानानं सोमवार सांगितले, एकादश्या सांगितल्या, आणि त्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा शिरा, गोड दही हेही सांगितलं. बाई हळूच म्हणाल्या, "माताजी, आपण उपवासालाच जास्त जेवता." विहीणबाई इतक्या खळखळून हसल्या, की मीही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रक्त देऊन झालं की भूक लागायची. पहिल्याच दिवशी आम्ही टावर चौकातल्या पोह्यांच्या ठेल्यावर गेलो. विहीणबाईंनी सांगितलं, "दोन प्लेट. थोडे थोडे. शेव नको, जिलेबी नको."

ठेलेवाल्याचा हात हवेतच थांबला. "बिना सेव के? तबीयत तो ठीक है?"

"ठीक करनेके लिए ही तो," त्या म्हणाल्या.

शेवेशिवाय पोहे अगदीच उघडेबोडके दिसत होते. आम्ही वरून कांदा आणि लिंबू मागून घेतलं आणि उभ्या उभ्या खाल्ले. रोज चालायलाही सांगितलं होतं. त्यांचं घर नानाखेड्याला, माझं तिथून जवळच. त्यामुळे एकत्र निघू लागलो. चालताना हातात ताट नसतं, बोलावंच लागतं. मला कळलं, की लग्नाआधी त्या कबड्डी खेळायच्या, आणि सासरच्या घरात ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितलीच नव्हती. मी त्यांना सांगितलं, की उज्जैनला आल्यावर पहिलं वर्षभर मी रोज माहेरी जाण्याचा बेत करत होते. "मग गेल्या का नाहीत?" त्यांनी विचारलं. "ओळखीच्या झालेल्या भाजीवालीला सोडवेना," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

उन्हाळ्यापर्यंत दोघींचे आकडे उतरले. माझे बरे, त्यांचे फारच चांगले. विहीणबाईंची खात्री पटली होती. "माझी कॅप्सूल पक्की असली, ओमेगावाली आहे. डकार पण तशीच येते, समुद्राच्या वासाची. तुमची साधी असेल, बुरा मानू नका."

अभ्यास संपल्यावर, ज्यांना हवं त्यांना डॉक्टर मुलीनं सांगितलं. माझी शेवाळाच्या तेलाची निघाली. विहीणबाईंची साधी.

त्यांचा चेहरा पडला. "मग इतके महिने मी काय खात होते?"

"खाण्याचंच तेल, माताजी. तुम्हा दोघींवरून कॅप्सूलचं काही ठरत नाही. सगळ्यांचे आकडे एकत्र केले की कळेल. पण तुमचं उतरलं ते पथ्यानं आणि चालण्यानं."

आम्ही जिना उतरलो. रस्त्यावर आलो आणि त्या अचानक थांबल्या. "म्हणजे हे सगळं मी केलं?"

"तुम्हीच."

"एकटीनं?" असं म्हणून त्या परत जिना चढल्या. मी मागे धावले. त्यांनी डॉक्टर मुलीला विचारलं, की आता पुढच्या अभ्यासाची भरती कधी आहे.

"माताजी, आता तुमचं रक्त चांगलं आहे," ती हसत म्हणाली. "आता तुम्हाला कोणी घेणार नाही."

विहीणबाईंना ते जरा लागलंच. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांचा फोन आला. मी बाहेर पडले, तर त्या आधीच फाटकाशी उभ्या होत्या, साडीखाली मुलाचे जुने बूट घालून, आणि मला उशीर झाला म्हणून हिंदीत रागावत होत्या.